दुसरी प्रत

अनुश्री मोहिते जयपुरातच वाढली. वडील उत्तमराव मूळचे कराडकडचे, फौजेतले. निवृत्तीनंतर गावी परतायचं म्हणत म्हणत ते मालवीय नगरातच राहिले. घरात मराठीच बोलली जायची, पण लेकीच्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' कायमचे मुक्कामाला आले होते.

नोकरीत तिचं काम एकच, लोकांच्या फायली बड्या परदेशी कंपन्यांच्या क्लाउडवर चढवून द्यायच्या. ते करता करता तिच्या मनानं घेतलं, की फायली सांभाळण्याचं हे काम आपल्यालाही जमेल. सहकारी राघवला सोबत घेऊन तिनं 'कोठार' नावाची सेवा काढली. सर्व्हर सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या खोलीत, ऑफिस मालवीय नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. ग्राहकांना ती आधीच सांगायची, की इथून जावंसं वाटलं तर कुणी अडवणार नाही.

सीतापुऱ्यातल्या सोनलजी तिच्या सगळ्यात मोठ्या ग्राहक. छापील कापड परदेशी पाठवणाऱ्या या बाईंची सगळी डिझाइनं कोठारात असायची. एक दिवस त्यांनी बोलावून घेतलं आणि संकोचत सांगितलं, की कारखान्याचा ईमेल मोठ्या कंपनीकडे गेलाय, त्यासोबत फायली ठेवायला जागा फुकटच मिळते. आता दोन ठिकाणी कशाला?

राघवचं म्हणणं, करारावर बोट ठेवून थोडं लांबवू, कंटाळतील आणि राहतील. अनुश्रीला ते पटलं नाही. ती स्वतः कारखान्यात जाऊन बसली. एकेक डिझाइन मूळ नावासकट नव्या जागी हलवलं, उघडून पाहिलं, मगच उठली. परतताना बसमध्ये तिला आपलंच घर आपल्या हातानं रिकामं करून दिल्यासारखं वाटत राहिलं. पुढे आणखी ग्राहक गळले. राघवनं बंगळुरूला नोकरी धरली. त्याला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

अशात एका दुपारी गौरांग आला. लग्नाचे फोटो काढणारा, जयपुरातल्याच मराठी घरातला. त्याचा कुठला तरी फोटो त्या मोठ्या कंपनीच्या यंत्राला आक्षेपार्ह वाटला होता आणि त्यांनी सगळ्या फोटोंसकट त्याचं खातंच बंद केलं होतं. कुठला फोटो, हे कुणी सांगेना. दर अर्जाला तेच ठरावीक उत्तर.

"ताई, सोनलजी म्हणाल्या, तुम्ही माणसाला हात धरून बाहेर काढता."

"ते माझ्याकडून जाणाऱ्यांना," अनुश्री म्हणाली. "तिथलं कुलूप माझ्या हातात नाही."

जुनी बरीच कामं त्याच्या हार्ड डिस्कवर सापडली. अबोली नावाच्या मुलीचं नुकतंच झालेलं लग्न मात्र कुठेच नव्हतं. कॅमेऱ्याची कार्डं पुसून त्यानं पुढच्या कामाला वापरली होती. लष्करी छावणीतल्या तिच्या घरी एकट्यानं जायचा त्याला धीर होईना, म्हणून अनुश्री बरोबर गेली. अबोलीच्या आई, सरोजिनीबाई, यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या कंपनीत कुणाला भेटून सांगता नाही का येणार?"

"नाही काकू. भेटायला तिथं कुणी नाहीये."

हे बोलतानाच अनुश्रीच्या मनात आलं, की लग्नात मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात होता. घरी येऊन तिनं कोठारात एक साधं पान बनवलं. ना खातं, ना पासवर्ड. लिंक उघडायची आणि आपल्याजवळचे फोटो टाकायचे. सूचना मराठीत आणि हिंदीत. सरोजिनीबाईंनी ती लिंक मिरजेच्या नातेवाइकांपासून अबोलीच्या वडिलांच्या युनिटमधल्या जवानांपर्यंत सगळ्यांना पाठवली.

फोटो येत गेले. अनुश्री आणि गौरांग रोज बसून ते क्रमानं लावायचे. मुहूर्ताचा एकही सरळ फोटो मिळाला नाही. नुसती डोकी, वर उडालेल्या अक्षता आणि कुणाचा तरी अंगठा. पण पाहुण्यांना वाढताना गुपचूप डोळे पुसणारे अबोलीचे वडील एका जवानाच्या फोनमध्ये सापडले. तो फोटो पाहून अबोली गौरांगला म्हणाली, "दादा, हा तुम्ही काढला नसता." गौरांगनं मान खाली घातली. ती टोचून बोलली नव्हती, पण नुकसान भरून निघालं असंही नव्हतं.

गौरांगला आता सगळंच कोठारात आणायचं होतं. अनुश्रीनं त्याला थांबवलं. "एक प्रत दुसऱ्या कुठल्या मोठ्या कंपनीकडे राहू दे, एक माझ्याकडे, एक घरच्या डिस्कवर. माझं दुकानही उद्या बंद पडू शकतं."

राघवला हे फोनवर कळलं तेव्हा तो हसला. असं बोलून धंदा होत नाही म्हणाला. पण त्यानंतर अनुश्री सगळ्यांना हेच सांगू लागली, की दुसरी प्रत आमच्याकडे ठेवा. गौरांगच्या ओळखीनं फोटोग्राफर आले, काही महिन्यांनी सोनलजींनीही जुनी डिझाइनं पुन्हा आणून ठेवली. रोजचं काम मात्र त्या मोठ्या कंपनीकडेच राहू दिलं. अनुश्रीनं काही हरकत घेतली नाही.

त्या कंपन्यांना आपण हरवू, असं ती आता मनातही म्हणत नाही. त्यांच्या शेजारी टिकता येईल का, एवढाच प्रश्न तिनं धरून ठेवलाय. त्याचंही उत्तर पक्कं नाही. सीतापुऱ्यात काही बिघडलं तर फायली सुरक्षित राहाव्यात म्हणून तिनं या वर्षी अजमेरात आणखी एक खोली भाड्यानं घेतली. तिथं सर्व्हरची यंत्रं पोचवायला उत्तमराव स्वतः गाडी घेऊन निघाले, आणि वाटभर ती नीट बांधली आहेत ना, म्हणून मागे वळून बघत होते.