गाडी बंद न करणारे मामा

आमच्या मामांनी भोकरदन-जालना रस्त्यावर जन्मभर जीप चालवली, पण स्टँडावर त्यांनी इंजिन बंद केलेलं कुणी पाहिलं नाही. प्रवासी, म्हणजे मामांच्या भाषेत सीट, भरेपर्यंत जीप थरथरत उभी असायची. आतल्या बायका धुरानं वैतागून ओरडायच्या, मामा ढिम्म. "माय, गाडी बंद दिसली की सीट उतरून दुसऱ्या जीपमधी जातं," ते मला सांगायचे. फुकट जळणाऱ्या डिझेलवरून मामी करवादायची. पण जीप खरंच त्यांचीच आधी भरायची.

दुसरी खोड म्हणजे गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावायचा नाही. "मेल्या गाडीला किल्ली मारली की बॅटरी बसती. खाली उतरा, धक्का द्या." मग समोर कोण आहे हे ते बघत नसत. एकदा एका फौजदारालाही त्यांनी बिनदिक्कत उतरवलं होतं.

पुढं त्यांच्या मुलानं, संतोषनं, ती जीप विकली आणि त्यात भर घालून नवी कार आणली. शोरूममध्ये त्याला सगळं समजावून दिलं होतं. गाडी थांबली, न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला की तेल वाचावं म्हणून इंजिन आपोआप बंद होतं. क्लच दाबला की आपोआप चालू. मात्र तेवढ्यात ड्रायव्हर पट्टा काढून खाली उतरला, तर किल्लीच फिरवावी लागते. संतोषनं हे ऐकलं आणि स्वतःपाशी ठेवलं.

चतुर्थीला त्याच्या सासऱ्यांना राजूरच्या गणपतीला न्यायचं ठरलं. "इवायांना मीच नेतो," मामा म्हणाले. मीही सोबत होते. जाताना रस्ता मोकळा होता, मामांनी गाडी झोकात नेली. दर्शन झाल्यावर संतोष पेढे घ्यायला उतरला आणि पुढच्या गर्दीत मामांना थांबावं लागलं. त्यांनी न्यूट्रल करून पाय काढला. इंजिन गप्प.

मामांचा चेहराच उतरला. पट्टा काढून ते उतरले, बॉनेट उघडून पाहिलं, परत येऊन क्लच दाबला. काही नाही.

"इवाई, उतरा बरं जल्दी. धक्का द्यावा लागून राह्यला."

पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले व्याही भर गर्दीत गाडी ढकलू लागले. तेवढ्यात संतोष धावत आला. त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली.

"दादा, उतरा तुम्ही. तुमच्यानं न्हाई होत आता."

व्याही हात झटकत हसले. मामा मागं माझ्याशेजारी येऊन बसले. त्यानंतर त्या गाडीची किल्ली त्यांच्या हाती कधीच आली नाही.

वर्षभरानं आमच्याकडेही तसलीच गाडी आली. तेव्हा मला त्यातलं कळलं आणि मी मामांना समजावून सांगितलं.

"खाली न उतरता क्लच दाबला की चालू? बस?"

"बस."

"मंग एवढं सांगायला त्याचं तोंड दुखत होतं का?"

मी म्हटलं, आता संतोषकडं गाडी मागून बघा. "न्हाई माय. आता त्यानं दिली तरी मी बसत न्हाई."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. तेराव्याच्या पंगतीनंतर संतोषनं ती धक्क्याची गोष्ट रंगवून सांगितली. मांडव हसला, व्याही सगळ्यांत जास्त. मी सगळ्यांदेखत विचारलं, "संतोष, गाडी आपोआप बंद होते हे तू मामांना सांगितलं होतंस का?"

"त्यांला काय सांगायचं ताई? जन्म गेला त्यांचा गाडीत," तो म्हणाला आणि पुन्हा हसला.

मामा गेल्यापासून मी रडले नव्हते. तिथं, त्या हसणाऱ्या लोकांत, मला रडू फुटलं.