तळहाताने ऐकणारे भाऊ

आमच्या जळगावच्या रेडिओ क्लबात डाळमिलमधले एक फिटर आहेत, आमचे भाऊ. बोलतात कमी, पण बोटं कायम टेबलावर टकटकत असतात. मोर्सचं कडकट्ट, म्हणजे टकटकीतून निरोप धाडायची भाषा, त्यांनीच मला शिकवलं, तेही माझ्या साठीनंतर, आणि एकदाही रागावले नाहीत हो!

लष्कराच्या गुप्तवार्ता खात्याचं संग्रहालय बघायला क्लब निघाला, तेव्हा गाडीत ते हळूच म्हणाले, "अक्का, मिलना आवाजमा कान गयात मन्हा. आते क्लब सोडी दिसू. कोणले सांगू नका."

तिथे दोरीआड ठेवलेला एक जुना लाकडी रेडिओ होता. सीमेवरचे निरोप म्हणे त्यावर टिपायचे. माहिती सांगणाऱ्या जवानाने त्यातला एक निरोप मोर्समध्ये लावला नि हसून म्हणाला, "ओळखा बघू!" वेग असा, की आमचे तरबेजसुद्धा दोन अक्षरांत गार!

भाऊंनी दोरीपलीकडे हात घातला आणि रेडिओच्या खोक्यावर तळहात टेकवला. "हात नका ला..." म्हणता म्हणता जवान थांबला. भाऊंचे डोळे मिटलेले होते, दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर चालत होतं.

"बठ्ठा सुखरूप पोचनात," ते म्हणाले. म्हणजे, सगळे सुखरूप पोचले.

जवानाने हातातल्या कागदावरचं उत्तर पाहिलं आणि दोरीच काढली.

क्लब काही त्यांनी सोडला नाही. आता आम्ही त्यांना हाक मारत नाही, मोर्समध्ये टेबल वाजवतो. परवा मी वाजवलं, तर म्हणतात कसे, "अक्का, हात आजून जड शे तुमना!"