मी पाय मागे घेतले तो दसरा

माझ्या मुलाच्या शेठला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते.

मुलगा अंबडच्या एमआयडीसीत, पत्रा कापणाऱ्या एका लहान युनिटमध्ये प्रेस मशीन चालवायचा. शेठने सगळ्या कामगारांचा मिळून आरोग्य विमा काढला होता, त्यात घरचेही होते. माझा खुबा झिजलेला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं. म्हणून विम्याचं कार्ड मी देवघरात ठेवलं होतं.

उन्हाळ्यात ऑर्डर कमी झाल्या. शेठ मुलाला म्हणाला, "थोडे दिवस घरी बस, बोलावतो." लहान युनिटमध्ये माणसाला असंच काढतात. काढलं असं कुणी तोंडाने म्हणत नाही. मी स्वतः फोन करून विचारलं, "शेठ, कार्डाचं काय?"

"चालूच आहे मावशी. तुम्ही काय परक्या आहात?"

हा माणूस मुलाच्या लग्नात आमच्या पंगतीला बसून दोनदा ठेचा मागून जेवला होता. सायखेड्याकडची आम्ही माणसं, आपल्या घरी जेवलेल्याकडे कागद मागत नाही. मीही मागितला नाही.

पावसाळा सरताना ऑपरेशनला गेले. पिशवीत लुगडं, तांब्या, टॉवेल भरलेला. दवाखान्याच्या विम्याच्या खिडकीवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "आजी, तुमचं नाव यादीतून निघालंय. दादांची नोकरी सुटली तेव्हाच."

तिनेच मग समजावलं. नोकरी सुटली की त्याच विमा कंपनीकडून स्वतःची पॉलिसी घेता येते, जुनं दुखणंही त्यात धरलं जातं. पण ते मुदतीत मागावं लागतं. आमची मुदत शेठच्या फोनची वाट बघण्यात गेली. आता नवी पॉलिसी घेतली तर खुब्यासाठी काही वर्षं थांबा. भरलेली पिशवी घेऊन आम्ही घरी आलो.

दसऱ्याला युनिटमध्ये मशीनची पूजा असते. घरी बसवलेल्यांनाही बोलावणं असतं. मुलगा म्हणाला, "आई, नको जाऊ."

"जाणार," म्हटलं.

गणपतीनंतर आणखी तिघांना असंच घरी बसवलं होतं. तेही बायका-आयांना घेऊन आले होते. मी एकेकीजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "कार्डामागचा नंबर लाव. आत्ता लाव." झेंडूचा हार घातलेल्या प्रेसला टेकून त्यांनी फोन लावले. तिघांचीही नावं निघालेली. एकीच्या सुनेला सातवा महिना होता. ती बाई मोठ्याने म्हणाली, "मशीनला हार घातला, माणसं काढली. बरं केलं."

तेवढ्यात शेठ आपट्याची पानं घेऊन आला. वयाने मी मोठी म्हणून दरवर्षी पहिलं सोनं मला द्यायचा आणि वाकून पाया पडायचा. वाकला. मी पाय मागे घेतले. हातही पुढे केला नाही.

सगळं युनिट बघत होतं. माल घेणारा मोठ्या कंपनीचा साहेबही पेढा हातात धरून बघत होता.

"मावशी, सणाच्या दिवशी असं?"

"कार्ड चालू हाय म्हणाला होतास. या तिघांनाही तेच सांगितलंस. विचार त्यांना."

पानं त्याच्या हातातच राहिली.

त्या तिघांची मुदत शिल्लक होती. त्यांनी आपापल्या पॉलिसी करून घेतल्या आणि कामगार कार्यालयात तक्रारही टाकली. दिवाळीत शेठ मिठाई घेऊन आमच्या दारात.

"मावशी, तुमचं ऑपरेशन माझ्याकडून. चांगल्या दवाखान्यात. फक्त पोरांना तक्रार मागे घ्यायला सांगा. तुमचं ऐकतील."

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणावं असं त्याला वाटत होतं, हे मला दिसलं. खुबा तर उभ्या उभ्या ठणकत होता.

"शेठ," मी म्हटलं, "तुझं नाव या घराच्या यादीतून निघालंय."

त्याने डबा उंबऱ्यावर ठेवला. मी तो उचलून त्याच्या गाडीच्या टपावर ठेवला. तेवढ्यासाठी काठी टेकत सगळे जिने उतरून फाटकापर्यंत गेले.

आता ऑपरेशनसाठी सरकारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नंबर लावलाय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिन्यात खुबा जीव काढतो. मग मी कठड्याला धरून थांबते, त्याच्या हातात राहिलेली ती पानं आठवते, आणि वर चढते.