मशीनमधला आवाज

सुहास गुरुजींना लोक ‘व्हिडिओवाले गुरुजी’ म्हणत, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना ते आवडायचं. मावळात, वडिवळे धरणाच्या अलीकडे एका वस्तीवर त्यांची शाळा. राहायला ते तळेगावला. रोज दुचाकीवरून यायचे. पाठीवरच्या सॅकमध्ये मोबाईलचा स्टँड, कॉलरला लावायचा माइक आणि मागचं दृश्य बदलता यावं म्हणून टांगायला हिरवं कापड. इंग्रजी आधी कानावर पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. बेडूक, भातलावणी, धरण, एसटी, कशावर म्हणून त्यांनी इंग्रजी व्हिडिओ करायचा ठेवला नाही. पुस्तक उघडलं की जांभया देणारी पोरं टीव्हीसमोर एकमेकांना ढकलून इंग्रजी बोलायला लागली.

पण ह्या माणसाच्या मनात एक जुना काटा होता. आंबी गावच्या घरात खणखणीत आवाजात बुद्धवंदना म्हणणारा हा मुलगा पुण्याला डी.एड.ला गेला. तिथे पहिल्यांदा इंग्रजी वाचायला उभा राहिला आणि त्याच्या हेलावर अख्खा वर्ग खिदळला. ती नक्कल वर्षभर चालली आणि तो तोंड मिटून बसायला शिकला. म्हणूनच स्वतःच्या लेकीला, चैतालीला, त्यांनी इंग्रजी माध्यमात घातलं. मराठी शाळेच्या गुरुजींची मुलगी तिकडे कशी, असं कुणी विचारलं की गुरुजी विषय बदलायचे.

यंदा शिक्षकांच्या व्हिडिओ-स्पर्धेसाठी त्यांनी चौथीतल्या तेजलला निवडलं. पोरगी चुणचुणीत. धरणाच्या भिंतीकडे बोट दाखवत तिनं इंग्रजीतून आपल्या गावाची ओळख करून दिली, एकदाही न अडखळता. घरी गुरुजी कानाला हेडफोन लावून ऐकायला बसले आणि त्यांचे कान तापले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच मावळी हेल, लांबवलेला. पुण्याचा तो वर्ग पुन्हा खिदळायला लागला.

शेजारी चैताली अभ्यास करत होती. त्यांनी तिच्या हातात कागद दिला, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर गोधडी टांगली आणि तिच्याकडून सगळं म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेजलला म्हणाले, “बाळा, माइक बिघडलाय. तू नुसते ओठ हलव.” मग तेजलच्या ओठांवर चैतालीचा आवाज असा बेमालूम चिकटवला की स्वतःच खूश झाले. ही एडिटिंगमधली गोष्ट आहे, यात फसवणूक कसली, असंही त्यांनी मनाला बजावलं.

व्हिडिओ तालुक्यात पहिला आला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली आणि गाव व्हिडिओ बघायला वर्गात येऊन बसलं. पुढच्या खुर्चीवर तेजलचे आजोबा, दत्तोबा. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. तेजलच त्यांना हाताला धरून घेऊन आली होती.

व्हिडिओ संपला, टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर दत्तोबांनी विचारलं, “गुर्जी, आमची तेजल कवा बोलनार?”

लोक हसले. सरपंच राजेंद्र म्हणाले, “आबा, आत्ता तर बोलली की!”

“ती न्हाई वो. ती दुसरीच कोनतरी पोरगी व्हती. आमची कवा बोलनार?”

गुरुजींनी घाईनं टीव्ही बंद केला. त्यांनी तोंड उघडायच्या आत तेजलच बोलली, “आबा, मीच हाय ती. मशीनमधून आवाज तसाच येतो.”

तिनं गुरुजींकडे पाहिलंसुद्धा नाही. नऊ वर्षांची पोर आपल्यासाठी खोटं बोलली, हे त्यांना कळलं.

“व्हय का, गुर्जी?” दत्तोबांनी अंदाजानं मान वळवली.

सगळं गाव बघत होतं. गुरुजी म्हणाले, “हो आबा. मशीनमधून तसाच येतो.”

दत्तोबांनी हातानं आपला कान चाचपला. मग हळूच म्हणाले, “डोळं गेलंच व्हतं. आता कानबी गेलं म्हनायचं.”

दोन दिवस गुरुजींनी चैतालीच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते तेजलबरोबर तिच्या घरी गेले. दत्तोबा ओट्यावर बसले होते.

“आबा, तुमचे कान शाबूत आहेत. आवाज माझ्या मुलीचा होता. मी चिकटवला. तेजल माझ्यासाठी खोटं बोलली.”

दत्तोबा रागावतील, चार लोकांत बोभाटा करतील, अशी गुरुजींची तयारी होती. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “का वो गुर्जी? आमच्या पोरीचा आवाज काय वाईट हाय?”

गुरुजींनी मान खाली घालून सॅक उघडली, स्टँड उभा केला, माइक तेजलच्या फ्रॉकला लावला. हिरवं कापड सॅकमध्येच राहू दिलं. दत्तोबा कान देऊन पुढे सरकले.

“म्हण, तेजल. आबांना ऐकायचंय.”

तेजल सरळ उभी राहिली. मोबाईलकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

“सर, आवाज काढू, का नुसतं व्हट हलवू?”