लाल दोऱ्याची गाठ

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि नितीनचा फोन आला. नितीन माझा आतेभाऊ, जबलपूरला रिछाईतल्या एका कारखान्यात कामाला. त्याला मराठी समजतं, बोलणं जमत नाही. "दीदी, अम्मा नहीं रहीं," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला आणि खुळ्यासारखं विचारलं, "हातात काही होतं का रे तिच्या?" तो म्हणाला, "सुई थी, दीदी. मशीन के पास ही बैठी थीं..." सुलूआत्याला जाऊन आता सव्वा महिना झाला. नागपूरच्या माझ्या घरी ती कधी राहायला आली नाही, पण हल्ली ब्लाउज घालताना गळ्याच्या हाडावर एक गार तळहात टेकतो. मी दचकून मागे बघते. मागे कपाटच असतं.

आत्या जबलपूरच्या सदरमध्ये, बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. नवे कपडे ती शिवत नसे. पार्टीचे, लग्नाचे उघडे गाऊन अंगभर करून देणं, हे तिचं काम. फौजी अफसरांच्या मुली यायच्या, चर्चमधल्या लग्नासाठी बिनबाह्यांचे पांढरे गाऊन घेऊन नवऱ्या यायच्या, गोहलपूर मोहल्ल्यातल्या मुली जाळीच्या पाठीला अस्तर लावून घ्यायच्या. प्रत्येकीमागे एक आई नाहीतर सासू, "थोड़ा और ऊपर" म्हणणारी. आत्या त्यांचं सगळं ऐकून घ्यायची. मग आपला गार हात पोरीच्या गळ्याखाली ठेवून तिलाच विचारायची, "तू बता बेटा, कहाँ तक?" पोरगी बोलेपर्यंत टाचणी लागत नसे, मग आया कितीही फणफणोत.

लहानपणी सुट्टीत मी तिच्या सुया ओवून द्यायची, म्हणून तिची खरी करामत मला ठाऊक होती. मूळ गाऊनला ती कात्री लावत नसे. बाही, गळ्याची पट्टी, पाठीचा तुकडा मशीनवर वेगळा शिवायची, पण गाऊनला जोडायची हातानं, दुहेरी लाल दोऱ्याचा धावदोरा घालून. अस्तराखाली एक गाठ राहायची. कपडा देताना पोरीला एकटीला आतल्या खोलीत बोलवून ती गाठ दाखवायची. ओढली की दोरा निघाला, गाऊन होता तसा. "आज घरच्याइचं ऐकून राहिली पोरगी," मला म्हणायची, "म्हणून काय जन्मभर ऐकंल?"

मग माझा नंबर लागला. सासरही तेव्हा माहेरासारखं जबलपूरचंच. लग्न विहारात, पांढऱ्या साडीत लागायचं होतं. रिसेप्शनसाठी मी मोठ्या हौसेनं गडद निळा गाऊन घेतला होता, बिनबाह्यांचा, पाठ अर्धी उघडी. सासूबाई स्वतः आत्याच्या मशीनसमोर येऊन बसल्या. "हाताची शिलाई नको, मशीनची पक्की टाका," म्हणाल्या. आत्यानं माझ्या गळ्याखाली हात ठेवला. "तू सांग, कुठपर्यंत?" मला सगळ्यांचाच संताप आला होता. वाटलं, हिला तरी विचारावं लागू नये. मी खाली बघत राहिले. "काहून गप्प आहेस? बोल ना, माय." मी बोलले नाही. सासूबाई बोलल्या, आणि मशीन सुरू झालं. तो आवाज ऐकत मी पाय आपटत निघून आले. गाऊन आणायलाही गेले नाही, नितीननं घरी आणून दिला. रिसेप्शनला तो घातला आणि मग ट्रंकेत कोंबला.

परक्या पोरींना हिनं वाट ठेवली आणि भाचीचीच बंद केली... हा राग मी अठरा वर्षं सांभाळला. मुलखाची हट्टी आहे मी. दर फोनवर आत्या विचारायची, "तो गाऊन काढते का कधी? त्याले उन्ह दाखव, उलटा करून." मी "हो हो" म्हणून विषय बदलायची. मागच्या हिवाळ्यात गेले तेव्हाही तिनं तेच विचारलं. मी म्हटलं, "टाकून दिला, आत्या." तिचा सुईचा हात जागच्या जागी थांबला. "अच्छा..." ती म्हणाली. "चलो, ठीक आहे." आणि पुन्हा शिवू लागली. ती आमची शेवटची भेट. खोटं बोलले मी तिच्याशी, आणि ते खोटं घेऊनच ती गेली. दुपारी घर शांत असलं की ते "अच्छा" मला ऐकू येतं. कामवालीला विचारलं एकदा, तिला येत नाही.

परवा मी ट्रंक उघडली. गाऊन बाहेर काढला, तिनं सांगितलं होतं तसा उलटा केला. बाह्यांच्या, पट्टीच्या, पाठीच्या तुकड्याच्या कडा मशीनवर शिवलेल्या होत्या. तेवढ्यासाठीच ते मशीन त्या दिवशी चाललं होतं. जोड मात्र सगळा हाताचा, लाल, दुहेरी. अस्तराखाली बोट घातलं आणि गाठ लागली. मी तिथंच फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले.

तो गाऊन मला आता होत नाही. तरी सुलट करून आरशापुढे अंगाला लावून उभी राहिले. गळ्याच्या हाडावर गार स्पर्श झाला. या वेळी मी मागे बघितलं नाही. तिथं बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथपर्यंत, आत्या."

मग गाठ ओढली. दोरा सरसर निघत गेला, कुठेच अडला नाही.