धाकटा मासा जेवत नाही

बुन-रे बाईंचं डोकं सकाळपासून फिरलं होतं, आणि कारण काय, तर एक टीचभर पिवळा मासा!

त्यांचे यजमान गिल-र्योंग बोटीवरची नोकरी संपवून घरी बसले, ते खाऱ्या पाण्याची काचपेटी घेऊनच बसले. पेटीत एक तपकिरी मासा जुना, त्याला ते थोरला म्हणत. काचेवर शेवाळ माजलं म्हणून बुसानच्या बाजारातून हा पिवळा आणला, तो धाकटा. शेवाळ खायचं एवढंच त्याचं काम. तर धाकटेसाहेब आल्यापासून दगडामागे दडून बसलेले, तोंडाला काही लावतील तर शपथ. पोट पार खपाटीला गेलेलं.

आणि तो जेवत नाही म्हणून हे जेवत नाहीत! मधुमेहाची गोळी तेवढी वेळच्या वेळी गिळतात. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर बसल्या जागी कोसळाल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण ऐकतो कोण? काल हात लटलट कापत होते.

"अहो, सूप निवतंय."

"थांब जरा. आता खाईल तो."

"काल पण आताच खाणार होता!"

बाईसुद्धा उपाशीच होत्या. घरातल्या मोठ्यानं चमचा उचलल्याशिवाय दुसऱ्यानं जेवणाला हात लावायचा नाही, हे सासूनं पहिल्याच आठवड्यात अंगी बाणवलं होतं. पोटात कावळे ओरडत होते, तरी बाई बसून.

गिल-र्योंगनी मियोकचा, म्हणजे समुद्री पाल्याचा, तुकडा चिमट्यात अडकवून पेटीच्या नेहमीच्याच कोपऱ्यात टांगला. बाईंनी स्वतः किनाऱ्यावर वाळवलेलं मियोक ते, बाळंतिणींच्या सूपासाठी लोक लांबून न्यायला येत. थोरला ऐटीत आला, ओरबाडू लागला. धाकट्यानं दगडामागून जरा तोंड काढलं, तर थोरल्यानं त्याला पार पलीकडच्या टोकाला पिटाळलं.

"तुम्हाला दिसत नाही का? तो याला फिरकूसुद्धा देत नाहीये!"

"आधी मोठ्याचं होऊ दे. मग उरेल ते यानं खावं."

"माशांना कसली आलीय रीत! आणि उरतंय का काही?"

"शिकेल हळूहळू. तू नाही का शिकलीस?"

झालं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी नवरी असताना सगळ्यांचं आटोपल्यावर पातेल्याचा तळ खरवडून खाल्लेला त्यांना आठवला. त्या तरातरा उठल्या. सूपासाठी भिजत घातलेलं मूठभर मियोक उचललं, दोऱ्यानं एका धोंड्याला करकचून बांधलं आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला धप्पकन सोडलं. पाणी गिल-र्योंगच्या तोंडावर उडालं.

"अगं अगं, हे काय करतेस!"

"दुसरी पंगत मांडतेय!"

थोरला गांगरला. इकडचं राखावं की तिकडचं? तो तिकडे धावला, परत इकडे आला, शेवटी आपल्या चिमट्यालाच चिकटला. मग धाकटा दबकत पुढे आला. एक लचका तोडला, दुसरा तोडला, आणि हावऱ्यासारखा खातच सुटला.

"खाल्लं! अगं, खाल्लं त्यानं!" गिल-र्योंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ तरी!"

बाई बघायला गेल्या नाहीत. त्यांनी वाडगा पुढे ओढला आणि पहिला चमचा तोंडात घातला.

गिल-र्योंग वळले आणि बघतच राहिले. "माझ्या आधी?"

"हो, तुमच्या आधी! माशाचं पोट खपाटीला गेलेलं दिसलं तुम्हाला. माझं कधी दिसलं होतं का?"

ते समोर येऊन बसले, पण चमच्याला हात लावीनात. बोटं कापत होती.

"तू जेव पोटभर," ते खालच्या मानेनं म्हणाले. "तुझं होऊ दे. मग मी."

"अरे देवा!" बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्यांचा चमचा उचलून त्यांच्या मुठीत कोंबला. "दोघं एकदम जेवलो तर आभाळ कोसळणार आहे का?"