पायाचं कुरूप

मी दिसायला चांगली होते, हे मीच सांगते. सांगणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही, आणि नातीला काही पटत नाही. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, आणि नाक असं की ते नाक मी घरातून निघाल्यावर आधी पुढे पाठवायचे आणि मागून स्वतः जायचे. अक्कल किती होती ते पुढे येईलच.

नव्व्याण्णव साली मी बत्तीस वर्षांची होते. नवरा मिरकरवाड्याला, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्याचंही काम बसायचं. म्हणून मी गावातल्या एका साड्यांच्या दुकानात कामाला लागले. शेठनी मला शिक्षण विचारलं नाही, साडीतलं काय कळतं तेही विचारलं नाही. एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून या." काम काय, तर गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की ती साडी खांद्यावर टाकून उभं राहायचं. समोरच्या बाईला वाटायचं, ही साडी नेसली की आपणही अशाच दिसू. मी त्यांचा आरसा होते, पण खोटं बोलणारा.

दुकानात आणखी एक बाई होती, माझ्या सात वर्षं आधीपासूनची. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, तोंडभर वण. तिला माळ्यावर बसवलेलं. शिडीने वर चढायचं, दिवसभर फॉल-बिडिंग करायचं, दुकान बंद झालं की उतरायचं. साडी बोटांत धरली की तिला सगळं कळायचं. मला ती 'बाहुले' म्हणायची.

"बाहुले, ती जांभळी नको दाखवूस त्यांना. पहिल्या धुण्यात रडेल ती."

"रडू दे. तोवर विकली गेलेली असेल."

ती वर का आणि मी खाली का, हे मला ठाऊक होतं. त्यात काही वावगं आहे असं मात्र कधी वाटलं नाही. मांडणीत आपण पुढच्या फळीवर असलो की मांडणी बरोबरच वाटते.

पाडवा आठ-नऊ दिवसांवर आला. शेठ शालूंचा नवा विभाग उघडणार होते. मला बोलावून म्हणाले, "तिथे तुम्हीच उभ्या राहा. पाडव्यापासून तुम्हाला कायम करतो." मग डोळे बारीक करून म्हणाले, "फक्त ते नाकाशेजारी काय आहे? माशी बसल्यासारखं दिसतं."

चामखीळ होती. मुगाएवढी. लग्नाआधीपासूनची, कोणी कधी नाव न काढलेली. शेठ हसले, मीही हसले, पण त्या दिवसापासून आरशात मला आधी तीच दिसायची. साडी खांद्यावर घेतली की वाटायचं, समोरची बाई साडी नाही, माशी बघतेय. आणि नजर सारखी त्या शिडीकडे जायची.

आता सासूबाईंकडे वळते. महिन्याभरापूर्वी त्यांच्या तळपायाला कुरूप झालं होतं. त्यांनी काजूची बी निखाऱ्यावर धरली, सालीतून काळं तेल सुटलं, ते काडीच्या टोकाने नेमकं कुरूपावर टेकवलं. भोवती चुन्याचं रिंगण, तेल पसरू नये म्हणून. पंधरा दिवसांत कुरूप मुळासकट गेलं. हे मी माझ्या घाऱ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पायाचं कुरूप जातं, तर तोंडावरची चामखीळ का जाऊ नये? इतका साधा हिशेब कोणाला कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटलं.

सोमवारी सासूबाई देवळात गेल्या तशी मी बी भाजली. काडी टेकवली. चुना घरात होता, पण चुन्याने गाल पोळेल म्हणून लावला नाही. हो, एवढी काळजी घेतली! संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. मंगळवारी उठून पाहिलं, तरी माशी आपली जागच्या जागी. मग आणखी एकदा लावलं, जरा सढळ हाताने.

बुधवारी सकाळी डावा डोळा उघडेना. चाचपायला गेले तर हात पोहोचण्याआधीच गाल हाताला लागला. आरशात पाहिलं, आणि आरशात मी नव्हतेच. अर्धं तोंड सुजून काळंनिळं, फोडांनी भरलेलं, त्यातून पाणी झरत होतं. मी ओरडले. सासूबाई धावत आल्या आणि दारातच थांबल्या.

"अगो, काय केलंस हे? काजू लावलास?"

मी मान हलवली.

"तोंडाला? मेले, तो उतलाय आता! हात लावू नको. ते पाणी जिथे लागेल तिथे उतेल, फोड उठतील."

म्हणून मी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिले. पाणी मानेवर ओघळलं की वाटायचं, आता मान जाणार, मग गळा, मग सगळीच मी. माझी सात वर्षांची मुलगी उंबऱ्यावर उभी होती. "ये," म्हटलं तर आली नाही. आजीच्या पदराआड गेली.

डॉक्टरांनी पाहिलं. "पायाचं औषध तोंडाला लावायचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"डाग राहील का हो?"

"आधी डोळा वाचू दे."

"पण डाग?"

डोळा जायची वेळ, आणि ही बया डागाचं विचारतेय. आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं, की तोंड वजा केलं तर माझ्यात बाकी काय राहतं. साडी ओळखता येत नाही, शिलाई येत नाही. एक नाक होतं, तेही सुजेत बुडालं होतं.

दवाखान्यातून परतताना नेहमीची मासेवाली दिसली. रोज एक बांगडा वर टाकून "घ्या गोऱ्या वहिनी" म्हणणारी. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि टोपली जरा आपल्या बाजूला ओढून घेतली.

डोळा वाचला. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी पदर ओढून दुकानात गेले. शेठ माझ्याशी बोलले, पण मागच्या कॅलेंडरकडे बघत. "तुम्ही सध्या माळ्यावर बसा. गिऱ्हाईक बिचकेल." खाली उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून माळ्यावरच्या बाईला उतरवलं.

माळ्याच्या फळ्यांना फट होती. त्यातून मी बघत बसले. पहिल्या बाईने तिच्या तोंडाकडे पाहून मान फिरवली, तेव्हा मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. मग ती बोलू लागली. हिची जरीची किनार टोचेल, ही मुलीला दहा वर्षांनीही नेसता येईल, ही घेऊच नका. बाई परत वळली. मग खालीच बसली. चार दिवसांत मुलींच्या आया येऊन विचारू लागल्या, "त्या सांगणाऱ्या कुठे आहेत?" सांगणाऱ्या! मला चार महिन्यांत कोणी काही विचारलं नव्हतं. तोंडाची आग केव्हाच शमली होती, पण त्या फटीला डोळा लावून बसले की भीती वाटायची, आणि एक नाही, दोन. डाग राहिला तर मी गेले, ही पहिली भीती. डाग गेला तरी माझी गरज काय, ही दुसरी, आणि ती मोठी होती.

दोनेक महिन्यांत कातडी भरून आली. चामखीळ गेली, फिकट डाग राहिला, पावडरखाली लपणारा. एका सकाळी मी शिडीवर असतानाच शेठनी निरखून पाहिलं आणि खूश झाले. "छान! आजपासून खाली या. कायमच." तिच्या विक्रीबद्दल एक अक्षर नाही.

मी म्हणायला हवं होतं, की त्याच राहू देत. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिने कैची-दोऱ्याचा डबा उचलला आणि शिडीशी आली. शिडी एकच, मी उतरतेय आणि ती खाली थांबलेली.

"जपून उतर, बाहुले," ती म्हणाली. "तोंड आपटशील."

हसली ती. मी हसले नाही. तिने आता शेठना स्वतःच्या विक्रीचं काही सांगितलं तर माझं काय, एवढंच डोक्यात होतं. तिने काही सांगितलं नाही. मीही नाही. ती वर गेली, आणि मी पहिली साडी खांद्यावर घेतली.